सागवानी टेबलाला तडा गेला. चूक लाकडाची की माझी?

पटाशीवाली:
भाचीसाठी अभ्यासाचं टेबल केलं. ती डावखुरी आहे, म्हणून दिव्याची जागा उजवीकडे ठेवली. उंचीही तिला खुर्चीत बसवून कोपरापासून मोजून घेतली. वरचा तक्ता सागाच्या पाच फळ्या जोडून केलाय, 120 सेंमी लांब आणि 60 सेंमी रुंद. पाय आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे जोड सगळे खाच-कुसूचे (पायात चौकोनी खाच, पट्टीच्या टोकाला तिच्यात बसणारी जीभ म्हणजे कुसू), हाताने केलेले. एकही खिळा नाही. सांगताना छाती फुगायची माझी.

हवा दमट होती तेव्हा बनवलं. चार महिन्यांनी हवा कोरडी पडली आणि तक्त्याच्या एका टोकाकडून वीतभर तडा गेला. त्यात आता नख जातं. शिवाय मागच्या डाव्या पायाचा जोड हलतो. तक्ता खालच्या चौकटीला दहा स्क्रूंनी घट्ट आवळलाय, तिथे डिंक नाही. फर्निचरवाले म्हणतात, "हातचे जोड आता कशाला? प्लाय घ्या, लोखंडी अँगल मारा." खरंच हे सगळं नुसतं हौशी लोकांचं खूळ आहे का?

जुना रंधा:
ताई, खिळा नाही म्हणता आणि दहा स्क्रू आवळता! तडा त्या स्क्रूंनीच पाडलाय.

लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. हवेतला ओलावा घेतलं की फुगतं, सोडला की आकसतं. साग त्यातल्या त्यात शहाणा, पण तोही हलतोच. हिशेब करा. ओलं लाकूड पूर्ण सुकेपर्यंत आडव्या कापाची, म्हणजे वर्षवलयं रुंदीत आडवी दिसतात ती, सागाची फळी रुंदीत साधारण 5 ते 6 टक्के आकसते. उभ्या कापाची, म्हणजे वर्षवलयं फळीच्या जाडीत उभी दिसतात ती, त्याच्या निम्मी. आता तक्त्यातला ओलावा 12 टक्क्यांवरून 8 वर आला असं धरा. तेवढ्यानेही 60 सेंमीच्या तक्त्याचे साडेचार-पाच मिलिमीटर कमी होतात. खालची आखूड पट्टी तक्त्याच्या नसांना, म्हणजे लाकडाच्या लांबीतल्या धाग्यांना, आडवी. तिची लांबी कमी होत नाही. स्क्रू दोघांना धरून बसले. लाकूड बिचारं जाणार कुठे? फाटलं.

हा धडा मी रात्री दोन वाजता शिकलो. पहिलंच कपाट होतं. दाराच्या चौकटीच्या खाचेत मधली फळी मी चांगली डिंक लावून बसवली, मजबूत व्हावी म्हणून. महिन्याभराने मध्यरात्री बंदुकीसारखा आवाज आला, घरातले सगळे उठून बसले. फळी मधोमध चिरलेली. ती फळी खाचेत सुटी ठेवायची असते. तिने आत-बाहेर सरकावं म्हणूनच तर दाराला चौकट करतात!

तुमच्या टेबलाचे सगळे स्क्रू काढा. पट्टीच्या आतल्या बाजूला आडवी खाच पाडा आणि जिभेसारखा दात असलेले छोटे लाकडी गुटके करा. दात खाचेत जातो, गुटका स्क्रूने फक्त तक्त्याला. तक्ता खाली दाबून राहतो, पण सरकायला मोकळा. गुटक्याचा दात खाचेच्या तळाशी टेकवू नका, हालचालीपुरती जागा सोडा, नाहीतर पुन्हा तेच.

खटपट्या:
मी सरळ डॉवेल, म्हणजे गोल लाकडी खुंट्या, घालतो. ड्रिल आणि जिग (भोक नेमक्या जागी पाडायचा साचा) असलं की दहा मिनिटांत जोड तयार. पाच वर्षं टेबल वापरतोय, काही झालं नाही. कुसू कोरत बसायला वेळ कोणाला आहे?

जुना रंधा:
वेळ नसेल तर डॉवेल लावा, मी कुठे नाही म्हणतोय? पण चिकटायचं क्षेत्रफळ बघा. डिंक खरा धरतो तो उभ्या नसेच्या सपाट अंगावर, फळीच्या कापलेल्या टोकावर नाही. कुसूच्या दोन्ही गालांची, म्हणजे रुंद सपाट अंगांची, उभी नस खाचेच्या भिंतींच्या उभ्या नसेला लागते. डॉवेल गोल. पायात तो आडवा घुसतो, त्यामुळे भोकाचा निम्माशिम्मा भाग टोकाच्या नसेचा निघतो. आणि खुर्चीसारख्या रोज मागे रेलल्या जाणाऱ्या गोष्टीत हा फरक लवकर कळतो. तुमच्या टेबलावर कुणी रेलत नसणार.

ताई, हलणाऱ्या जोडाचं सांगा. कुसूची जाडी किती? डिंक न लावता कोरडा बसवला तेव्हा कसा गेला?

पटाशीवाली:
पट्टी 20 मिमी, कुसू 7. कोरडा असताना आपोआप आत गेला, म्हटलं वा! आता जोड उघडला तर एका गालावर पोस्टकार्ड सरकतंय. खरं सांगायचं तर तो जोड सगळ्यात शेवटचा होता. करवतीची रेघ बाहेर गेली आणि मी पटाशीने ओरबाडत बसले.

जुना रंधा:
मग झालं. आपोआप जातो तो ढिला. हाताने दाबून, थोडा आवाज करत जायला हवा, आणि पट्टी उचलली तर पाय लटकून राहायला हवा. हातोडीने ठोकावा लागला तर उलट खाच फुटते. जाडी बरोबर आहे, पट्टीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास.

डिंक म्हणजे पुट्टी नव्हे. फट भरून धरणं पांढऱ्या डिंकाला जमत नाही. जुना डिंक आधी दोन्हीकडून खरवडून काढा, वाळलेल्या डिंकावर नवा धरत नाही. ढिल्या गालावर सागाचाच पातळ पापुद्रा चिकटवा, नस कुसूच्या नसेच्याच दिशेने. वाळला की रंध्याने थोडा थोडा काढत बसवा.

पुढच्या वेळी खाच आधी, कुसू नंतर. खाचेची रुंदी पटाशी ठरवते, ती बदलता येत नाही. कुसू मात्र छिलता येतो. आणि आखणी पेन्सिलीने नको, सुरीने करा. पेन्सिलीच्या रेघेलाच अर्धा मिलिमीटर जाडी असते, करवत कोणत्या कडेने चालवायची? सुरीच्या चिरेत पटाशीची धार स्वतः जाऊन बसते.

कुसू-खुंटी:
मी एक भर घालतो. पायातून खाचेच्या आरपार भोक पाडा, मग कुसूवरचं भोक खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथे सुरू होतो त्या कडेच्या, दिशेने एक-दीड मिलिमीटर सरकवून पाडा. दोन्ही भोकं एका रेषेत नसतात. टोक निमुळतं केलेली खुंटी ठोकली की ती वाकत जाते आणि कुसूला आत ओढते, क्लॅम्प (आवळून धरणारा शिकंजा) लागतच नाही. खुंटी सरळ नसेची हवी आणि फाडून काढलेली, करवतीने कापलेली नको. नस तिरकी असली की वाकताना मोडते. दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका.

पटाशीवाली:
आज स्क्रू काढले. आठवा सुटला तेव्हा काही नाही, नववा काढताना तक्त्यात टक्कन आवाज झाला आणि तडा डोळ्यांदेखत बारीक झाला. दहावा काढल्यावर बोटाने चाचपडून पाहिलं, नख जात नाही. मी घाबरून लांब उभी होते, भाची मात्र म्हणाली, "आत्या, टेबलाने श्वास सोडला." आता त्या तड्यावरूनच तक्ता कापून कडा रंध्याने सरळ करते आणि पुन्हा चिकटवते. गुटके बारा की सहा लागतील?

जुना रंधा:
एका लांब बाजूला तीन, आखूड बाजूला दोन, म्हणजे दहा. आणि मागच्या बाजूचे घट्ट बसवा, पुढचे मोकळे ठेवा. सगळी हालचाल मग पुढे येते, भिंतीकडे फट दिसत नाही.