इंजिन नेमके केव्हा तापते, हे आधी पाहावे
वाहतूक कोंडीत गाडी तापते, मोकळ्या रस्त्यावर मात्र तापमानाचा काटा पुन्हा खाली येतो, असे आपण आपल्या प्रश्नात लिहिले आहे. त्यावरून थेट वॉटर पंप (कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, फिरवणारा पंप) बदलण्याचा आधीच्या उत्तरात सुचवलेला उपाय मला घाईचा वाटतो (पंप बिचारा बरेचदा विनाकारण बदलला जातो). वेगात असताना समोरून येणारा वारा रेडिएटर (कूलंट गार करणारी जाळी) थंड करतो, उभ्या गाडीत ते काम पंख्यालाच करावे लागते, म्हणून पहिला संशय पंख्याची मोटर, रिले (पंख्याचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज आणि तापमानाचा सेन्सर यांवर घ्यावा. एसी लावल्यावर बहुतेक गाड्यांत पंखा फिरू लागतो. तेव्हा तो फिरत असेल आणि नुसते इंजिन तापल्यावर फिरत नसेल, तर मोटर ठीक असून दोष सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये असण्याची शक्यता अधिक. थर्मोस्टॅट (रेडिएटरकडे जाणारे कूलंट सोडणारी-अडवणारी झडप) बंद स्थितीत अडकला असता तर गाडी वेगातही तापली असती. कूलंटची पातळी इंजिन पूर्ण गार झाल्यावरच तपासावी, कारण गरम असताना झाकण उघडल्यास दाबाखालचे कूलंट अंगावर उसळते. बाहेर कुठेही गळती नसताना ती पातळी वारंवार घटत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधले सील) खराब झाल्याची शंका येते. तेव्हा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर (ऑइलमध्ये कूलंट मिसळल्याची खूण) साचला आहे का, तेही पाहावे.