लस पावसाळ्याआधी हवी

हॉस्पिटलच्या स्टाफला फ्लूची लस दरवर्षी नोव्हेंबरात द्यावी, असं एका पोस्टमध्ये वाचलं. दरवर्षी मिळायलाच हवी, हे शंभर टक्के पटलं. पण ती नोव्हेंबरात द्यावी, हे श्रीनगरसारख्या, हिवाळ्यात लाट येणाऱ्या ठिकाणी ठीक. मुंबईत फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर. लस घेतल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात आणि पुढे काही महिन्यांत ती हळूहळू ओसरते. म्हणजे आमच्यासाठी एप्रिल-मे हीच वेळ. लशीत कोणते विषाणू घ्यायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून २ वेळा सुचवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. पावसाळ्याआधी घ्यायची तर त्यातली दक्षिण गोलार्धाची मागवावी लागते, कारण फेब्रुवारीत सुचवलेली तोवर तयार झालेली नसते. खरेदी विभागाला हे आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते.

आणखी एक, यादीत कोण असतं तेही बघा. मी सिस्टर म्हणून काम करते. आमच्याकडे एका वर्षी डॉक्टर आणि सिस्टर लोकांना लस मिळाली, कंत्राटी मावशी आणि वॉर्डबॉय राहून गेले. पेशंटला कूस बदलून देणं, अंग पुसणं, बेडपॅन देणं, सगळं तेच करतात! जुलैत आमच्या एक मावशी अंगात ताप असताना चार दिवस येत राहिल्या, कारण खाडा झाला की रोज बुडतो. त्याच आठवड्यात डायलिसिसवरचे एक आजोबा तापाने फणफणले. कोणाकडून कोणाला लागण झाली ते सांगता येणार नाही, पण मावशींना लस मिळाली नव्हती, ही गोष्ट मला अजून टोचते.