लपवण्यासारखे काही नाही, म्हणे!

गिरगावकर:
काल ‘निवांत’ यांनी लिहिले की, “फेसबुक-इन्स्टाग्राम माझी माहिती घेतात तर घेऊ देत, मी काही चोरी करत नाही, आणि आवडीच्या जाहिराती दिसल्या तर माझा वेळच वाचतो.” हे वाचून गप्प बसवले नाही. प्रश्न लपवण्याचा नाहीच. आपल्यासमोर काय मांडायचे हे कोण ठरवतो, याचा आहे. जानेवारी 2012 मध्ये फेसबुकने 6,89,003 वापरकर्त्यांच्या फीडमध्ये आठवडाभर फेरफार केला. काहींना आनंदी मजकूर कमी दाखवला, काहींना दुःखी, आणि मग ती माणसे स्वतः काय लिहितात ते मोजले. प्रयोग झाल्याचे जगाला कळले ते 2014 मध्ये, शोधनिबंध छापून आल्यावर. या माणसांनी कोणती चोरी केली होती? पुढे 2017 पासून काही काळ इमोजीच्या प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिले गेले आणि त्यांत संतापाचा इमोजीही होता. म्हणजे जी पोस्ट वाचून लोक चवताळत तीच वर चढत होती.

निवांत:
त्याच निबंधात परिणाम अगदी किरकोळ असल्याचे आकडे आहेत, तेवढे आपण सोयीस्करपणे गाळले. वृत्तपत्राचा संपादकही पहिल्या पानावर काय छापायचे ते ठरवतोच, त्याला कोणी कट म्हणत नाही. मी रोज वसईहून चर्चगेटपर्यंत उभ्याने प्रवास करतो. तेवढ्या वेळात दोन रील पाहिल्या तर माझी बुद्धी कोणी पळवून नेत नाही.

गिरगावकर:
संपादकाचे पहिले पान दादरलाही तेच असते आणि डोंगरीतही तेच. म्हणूनच त्यावर चारचौघांत भांडता येते. आपल्या खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या प्रवाशाचे पहिले पान मात्र आपल्याला कधीच दिसणार नाही. आणि ‘मी काही केले नाही’ म्हणणाऱ्यांना 2018 मध्ये उघड झालेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणाची आठवण करून देतो. प्रश्नांची उत्तरे विचारणाऱ्या एका ॲपमधून फेसबुकवरच्या माणसांची माहिती या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली होती. फेसबुकच्याच हिशेबाने ते ॲप भारतात 335 जणांनी घेतले होते, आणि माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता होती ती 5,62,455 जणांची. उरलेल्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांच्या मित्रयादीत त्या 335 पैकी कोणीतरी होते.

मालवणी_मसाला:
भरल्या पोटीचे वाद आहेत हे. माझी आई लालबागच्या डंकावर मसाला कुटून आणते आणि आम्ही घरी पाकिटे भरतो. रोजच्या 200 रुपयांच्या जाहिरातीवर आम्हाला ठाणे-डोंबिवलीची गिऱ्हाइके मिळतात, कारण जो माशांच्या कालवणाचे व्हिडिओ पाहतो त्यालाच ती दिसते. वृत्तपत्रातील चौकट आम्हाला परवडेल का, हे गिरगावकरांनी सांगावे. माग काढणे उद्या बंद झाले, तर मोठ्या कंपन्या दूरचित्रवाणीवर जातील. आम्ही कोठे जावे?

परळची_लेक:
तुमचे मसाले लखलाभ, पण मोबाइल आपले बोलणे ऐकतो याबद्दल कोणीच का बोलत नाही? आईच्या गुडघ्याला बांधायच्या पट्ट्याविषयी आम्ही घरात फक्त बोललो, कोठेही टाइप केले नाही, आणि संध्याकाळी त्याच पट्ट्याची जाहिरात हजर!

जुना_प्रोग्रामर:
ताई, 2018 मध्ये अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी 17,000 हून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून आवाज टिपणारे एकही सापडले नाही. (स्क्रीनचे चित्रीकरण बाहेर धाडणारी मात्र सापडली, त्यामुळे फार हायसे वाटून घेऊ नये.) आईंची औषधे घेताना बिलासाठी मोबाइल क्रमांक दिला होता का? दुकानदाराला ग्राहकांच्या क्रमांकांची यादी सांकेतिक रूपात फेसबुकवर चढवता येते, ती खात्यांशी जुळवली जाते, आणि जाहिरात नेमकी त्याच माणसांना दाखवता येते.

परळची_लेक:
दिला होता. क्रमांकाशिवाय बिल निघतच नाही, असे काउंटरवरच्या मुलाने सांगितले आणि मागे रांग खोळंबली होती. आता निघालाच आहे विषय, तर सोसायट्यांच्या गेटवरचे काय? मी शिकवणीसाठी पाच इमारतींत जाते. पाचही ठिकाणी वहीत नाव, वेळ आणि क्रमांक लिहिल्याशिवाय वर सोडत नाहीत.

सेक्रेटरी_बी_विंग:
सोसायट्यांच्या नावाने शंख करण्यापूर्वी विचार करावा. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडून दोन सायकली गेल्या, तेव्हा हेच सभासद समितीच्या अंगावर धावून आले होते. नोंदवही आणि फेसबुक एका तागडीत तोलणे हा शुद्ध मूर्खपणा आहे.

परळची_लेक:
मूर्खपणा कोणाचा ते ऐका. ती वही टेबलावर उघडी पडलेली असते आणि दोरीला बांधलेले पेन हातात घेताना वरच्या वीस ओळी सहज वाचता येतात. अशाच एका वहीतून माझा क्रमांक उचलून कोणीतरी आठ दिवस रात्री अकरानंतर मेसेज पाठवत होते. वॉचमनकाकांना विचारले, तर ते म्हणाले, “पान फाडून देऊ का?” सायकली परत मिळाल्या का, तेही सांगा.

मालवणी_मसाला:
सेक्रेटरीसाहेब, आमच्या पार्सलवाल्या मुलाकडून तर आधार कार्डाचा फोटो मागितला होता. पाव किलो मसाल्यासाठी!

सेक्रेटरी_बी_विंग:
सायकली मिळाल्या नाहीत. उद्यापासून वही ड्रॉवरमध्ये राहील आणि वॉचमन स्वतः नोंद करील. शिकवणीच्या बाईंचे समाधान झाले असेल, तर मूळ विषयाकडे वळावे.

जुना_प्रोग्रामर:
मूळ विषय हाच आहे, साहेब. तुमची वही निदान भरली की अडगळीत जाते. ती दुसरी वही कधी भरत नाही आणि फेसबुक न उघडताही लिहिली जाते, कारण असंख्य संकेतस्थळांवर, तिथे कोण आले ते फेसबुकला कळवणारा, ‘पिक्सेल’ नावाचा चिमुकला कोड बसवलेला आहे. मसालेवाल्यांचेही खरे आहे. त्यांचे 200 रुपये त्याच वहीच्या जोरावर वसूल होतात. ‘निवांत’ यांनी सेटिंगमध्ये जाऊन फेसबुकबाहेरच्या हालचालींची यादी एकदा उघडावी आणि मग वेळ वाचल्याचा हिशेब मांडावा.

निवांत:
उघडली. लोकलमध्येच उघडली, हे चुकले. विमा, चपला, बदलापूरचे फ्लॅट इथपर्यंत ठीक होते. खाली मूळव्याधीच्या मलमाचे संकेतस्थळ निघाले आणि शेजारचे गृहस्थ मान वाकडी करून वाचत होते, म्हणून मी मोबाइल खिशात टाकला. जाहिरातींनी वेळ वाचतो हे विधान मी मागे घेत नाही. ती यादी मात्र पुसली आहे, आणि यावर कोणी ‘लपवण्यासारखे काही नव्हते ना?’ असे लिहिणार असेल, तर त्याने तसदी घेऊ नये.