अकरावीतल्या मुलाला वस्तऱ्याने दाढी शिकू द्यावी का?

कराडची_आई: माळा आवरताना सासऱ्यांचा जुना वस्तरा सापडला, पात्यावर झोलिंगेन कोरलंय म्हणजे जर्मनीचा, आणि तेव्हापासून मुलाने एकच धोशा लावलाय की दाढी शिकेन तर यानेच. वय १६, मिशी फुटलीये, हनुवटीवर थोडे केस. हे म्हणतात शिकू दे, आबा रोज करायचे. मला ते पातं त्याच्या गळ्याजवळ नुसतं डोळ्यासमोर आणलं तरी धडकी भरते. कोणी शिकलंय का या वयात?

दुकानवाला: ताई, आमचं तीन पिढ्यांचं दुकान आहे. मी १५ व्या वर्षी वस्तरा धरला पण पहिले दोन महिने वडिलांनी माणसाच्या गालाला लावूच दिला नाही, फुग्यावर फेस लावायचा आणि फुगा न फोडता तो वस्तऱ्याने काढायचा. मग वडिलांच्याच गालावर. वस्तरा शिकायची जागा म्हणजे गाल, सपाट असतो, कातडी नीट ताणता येते, पातं साधारण ३० अंशात ठेवून केसाच्या दिशेने खाली आणायचं. आता तुमच्या मुलाच्या गालावर केसच नाहीत ना! आहेत ते नाकाखाली आणि हनुवटीवर, म्हणजे नेमक्या सगळ्यात अवघड जागी, तिथे अजून माझाही हात हळू होतो. म्हणून माझं स्पष्ट मत, आत्ता नको. गालभर दाढी आली की जरूर शिकवा.

सोमवारची_दाढी: मी पण १७ व्या वर्षी हट्टाने सुरू केलेलं, वरच्या ओठाची खूण अजून आहे. आधी साध्या सेफ्टी रेझरवर हात बसू दे, केस कुठे कसे वळतात ते कळू दे. तोपर्यंत वस्तरा सांभाळायला शिकवा की, तेही अर्धं शिक्षणच आहे. दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर वीस-तीस वेळा फिरवायचा, पाठ पुढे आणि धार मागे, उलटा फिरवला तर पट्टाही कापतो आणि धारही जाते. वापरून झाला की कोरडा पुसून ठेवायचा, नाहीतर गंज.

मिरजेची_मावशी: पिंपल्स असतील तर कुठलंच पातं त्यावरून फिरवू नका, ट्रिमर बरा. आणि दाढी केली की केस दाट येतात ही भीती पण काढून टाका, केस कापला की टोक बोथट होतं म्हणून तो राठ लागतो एवढंच.

कराडची_आई: गालावर केस नाहीत हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलाला वाचून दाखवलं, थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला पट्टा तरी आण. दादा, पात्यावर गंजाचे ठिपके आहेत, धारवाला गल्लीत येतो त्याच्याकडे देऊ का?

दुकानवाला: अजिबात नको! चाकावर पातं तापलं की पोलाद मऊ पडतं आणि दोन्ही बाजूंचा आतला बाक जातो. दगडावर, पाठ आणि धार दोन्ही टेकवून, पाणी घालून हातानेच लावायला लागते. तुमच्याकडे एखादा जुना, वयस्कर कारागीर असेल तर त्याला दाखवा, आणि मुलाला सोबत न्या, बघू दे त्याला.