सीमाभागातील विषमता : भाषा हा एकच निकष पुरेसा आहे का?

मूळ मांडणी (बेळगावहून)

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि तेव्हाच्या मुंबई राज्यातला बेळगाव, खानापूर, निपाणी हा मराठीबहुल पट्टा म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला. तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक गाऱ्हाण्यांचे मूळ आपण भाषिक अन्यायात शोधत आलो आहोत. तो अन्याय खरा आहे. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाच्या 1967 च्या अहवालाने तो मिटला नाही आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या महाराष्ट्राच्या दाव्यानेही अद्याप मिटलेला नाही. तरीही माझे मत असे आहे की, ‘आपण सारे मराठी’ या एका ओळखीखाली आपल्यातलीच जात, वर्ग आणि स्त्री-पुरुष यांतली विषमता झाकली जाते, आणि तिच्याविषयी बोलणाऱ्याला आपणच फुटीर ठरवतो.

मॅक्स वेबर या समाजशास्त्रज्ञाने वर्ग, सामाजिक प्रतिष्ठा आणि राजकीय सत्ता यांचा विचार वेगवेगळा करायला शिकवले, कारण एकाच माणसाच्या वाट्याला या तिन्ही गोष्टी सारख्या प्रमाणात येत नाहीत. आपल्याकडचा एखादा बागायतदार मराठा शेतकरी तालुका कचेरीत गेला की त्याला परकेपणाची वागणूक मिळते, आणि तोच संध्याकाळी पंचमंडळीत बसून दलित वस्तीकडे जाणारी पाणंद कोणी वापरायची ते ठरवतो. तो पीडित आहे की प्रबळ? दोन्ही आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ‘प्रभुत्वशाली जात’ ही संकल्पना जुन्या म्हैसूरमधल्याच एका खेड्याच्या अभ्यासातून मांडली. संख्या, जमीन आणि गावातले वजन या तिच्या खुणा आपल्या मराठी गावांतही सहज सापडतात. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. भाषेच्या वादात ज्या दोन समाजांना आपण समोरासमोर उभे करतो, ते मराठा आणि लिंगायत कर्नाटकच्या मागासवर्गीय यादीत दीर्घकाळ 3 ब या एकाच गटात बसलेले आहेत.

प्रतिसाद : खानापूरहून

आपली मांडणी अभ्यासपूर्ण आहे, पण तिचा रोख मला मान्य नाही. आपण भाषा एका बाजूला आणि वर्ग दुसऱ्या बाजूला ठेवता. प्रत्यक्षात इथे भाषेच्या मार्गानेच माणूस गरीब होतो.

जमिनीचा उतारा कन्नडमध्ये मिळतो, नोटीस कन्नडमध्ये येते, पीकविम्याचा अर्जही कन्नडमध्ये भरावा लागतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो वकील लावतो आणि मुलाला इंग्रजी माध्यमात घालून मोकळा होतो. ज्याच्याकडे दोन एकर जिराईत आहे तो कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्यापुढे उभा राहतो, कागदात काय लिहिले आहे हे न कळता अंगठा किंवा सही करतो, आणि मुदत टळून गेल्यावर त्याला समजते की ती हरकत नोंदवण्याची नोटीस होती. त्याची मजुरी बुडते ती वेगळीच. भाषिक हक्काची सर्वाधिक गरज आपल्यातल्या सर्वांत गरीब माणसाला आहे, असे असताना हा लढा वरच्या थराचा आहे असे सुचवणे अन्यायाचे वाटते.

मानववंशशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी 1969 मध्ये दाखवून दिले की समूहांच्या सीमा एकमेकांपासून दूर राहिल्यामुळे टिकत नाहीत, त्या रोजच्या संपर्कातच राखल्या जातात. आपल्या सीमेची एक बाजू राज्यसत्ता राखते. ती आपल्याला एक समूह म्हणूनच वागवत असेल, तर आपणही एक समूह म्हणून उभे राहिले पाहिजे. आधी घरातले भांडण उकरून काढल्यास मूळ दावाच दुबळा होईल.

प्रतिसाद : निपाणीहून

खानापूरच्या दादांनी उताऱ्याचा विषय काढला, म्हणून विचारते : त्या उताऱ्यावर त्यांच्या बहिणींची नावे आहेत का? हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळाला. तरी आपल्याकडे लग्न झालेल्या मुलीला माहेरी बोलावतात, साडी-चोळी करतात आणि हक्कसोड पत्रावर तिची सही घेतात. ते पत्र मराठीत लिहिले असते तर तिचा वाटा टिकला असता का?

आमच्या निपाणीत बिडी हा बायकांचा धंदा आहे. ठेकेदाराकडून मोजून दिलेले पान आणि जर्दा घरी आणायचा, पान भिजवायचे, मापाने कातरायचे, भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे आणि हजाराच्या हिशोबाने नेऊन द्यायचे. मोजणीच्या वेळी ठेकेदाराचा माणूस काही बिड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो. त्यांची मजुरी मिळत नाही, आणि पान कमी पडले तर पदरचे विकत घ्यावे लागते. 1966 च्या बिडी कामगार कायद्याने घरी बसून वळणारीलाही कामगार मानले, पण हे तिला सांगायला कोणी येत नाही. या बायकांत मराठी बोलणाऱ्या आहेत, कन्नड बोलणाऱ्या आहेत, दख्खनी बोलणाऱ्या मुसलमान बायका आहेत, आणि देवाला सोडलेल्या दलित बायकाही होत्या. देवदासी प्रथेला कर्नाटकने 1982 च्या कायद्याने बंदी केली. पण सौंदत्तीच्या डोंगरावर मुली सोडणारी घरे दोन्ही भाषांतली होती आणि बहुतेक दलितांची होती.

किंबर्ले क्रेनशॉ या अमेरिकन कायदेपंडितांनी 1989 मध्ये जनरल मोटर्सविरुद्धच्या एका खटल्याची चिकित्सा केली. कंपनीत कृष्णवर्णीय पुरुष होते आणि गोऱ्या बायकाही होत्या. त्यामुळे वर्ण आणि लिंग या दोन्हींमुळे मिळून आमच्यावर अन्याय झाला, हे कृष्णवर्णीय बायकांचे एकत्रित म्हणणे न्यायालयाने स्वीकारले नाही. आमचीही तीच स्थिती आहे. भाषेच्या मोर्चात आम्ही मराठी असतो, कामगारांच्या सभेत मजूर असतो, आणि दोन्ही निवेदनांतून आमचे काम गळते.

प्रतिसाद : चिकोडीहून

निपाणीच्या ताईंचा मुद्दा मोलाचा आहे, मात्र अमेरिकेतल्या वर्णभेदाचा साचा जातीला जसाच्या तसा लावू नये. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1901 च्या जनगणनेच्या काळात नाकांची मापे घेऊन जातींना वंश ठरवण्याचा खटाटोप केला. डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये तो विचार स्पष्टपणे खोडून काढला : पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परैयार एकाच वंशाचे आहेत. जात ही एकाच रक्तामांसाच्या लोकांची केलेली प्रतवारी आहे. म्हणूनच चिकोडीत मराठी महार आणि कन्नड होलेय यांची भाषा वेगळी असली, तरी गावकुसाबाहेरची जागा एकच होती.

बाबासाहेबांचा निपाणीशीही संबंध आहे. मुंबई इलाख्याच्या बहिष्कृत परिषदेचे 1925 चे अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली तिथेच झाले. पुढे 1955 मध्ये भाषिक राज्यांविषयी लिहिताना त्यांनी बजावले की अशा राज्यात एखादी मोठी जात बहुमताच्या जोरावर बाकीच्यांवर सत्ता गाजवू शकते, आणि महाराष्ट्राच्या संदर्भात त्यांनी मराठ्यांचे नाव घेतले. उद्या आपण महाराष्ट्रात गेलो, तरी हा प्रश्न आपल्यासोबत येणारच आहे.

प्रतिसाद : खानापूरहून

त्याच लेखनात बाबासाहेबांनी ‘एक राज्य, एक भाषा’ या तत्त्वाचे समर्थन केले आहे, हेही सांगायला हवे. लोकांची भाषा आणि राज्यकारभाराची भाषा वेगळी असेल तर लोकशाही चालत नाही, हा विचार मी सोडणार नाही. बहिणीच्या वाट्याविषयी ताईंनी विचारलेला प्रश्न योग्य आहे. तो गावात विचारला पाहिजे, आणि विचारताना तिला हक्कसोड पत्र वाचता आले पाहिजे. म्हणून माझ्या यादीत मराठी कागदपत्रांची मागणी पहिलीच राहील.

मूळ मांडणीकाराचे उत्तर

घटनेच्या 350 अ कलमानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न करणे ही राज्याची जबाबदारी आहे, आणि त्या मागणीवर आपल्यात मतभेद नाही. मतभेद क्रमावर आहे, आणि तो मला मोठा वाटतो. पहिली मागणी पूर्ण होईपर्यंत दुसरी थांबवा, असे 1956 पासून सांगितले गेले, आणि थांबायला लागले ते नेहमी तेच लोक. त्यामुळे पुढच्या निवेदनात मराठी उताऱ्याच्या शेजारीच, त्याच पानावर, छाट बिडीच्या मजुरीची आणि दलित वस्तीच्या पाणंदीची मागणी असावी, आणि ते निवेदन निपाणीच्या बायकांनी वाचून मान्य केल्याशिवाय पाठवू नये, असा माझा आग्रह आहे.

प्रतिसाद : निपाणीहून

वाचून मान्य करणे पुरेसे नाही. लिहायला आम्ही बसू.