पाढे पक्के होण्याआधी गुणाकाराच्या ट्रिक्स नकोत

पाटीपेन्सिल
मी पाचवीला गणित शिकवते. सुट्टीत ‘वैदिक गणिता’च्या क्लासला जाऊन आलेली मुलं ९८×९७ चुटकीसरशी सोडवतात. शंभराला २ कमी, ३ कमी, ९८ मधून ३ गेले ९५, दोन त्रिक सहा, उत्तर ९५०६. मग मी ८८×८७ देते. १२ कमी, १३ कमी, म्हणून ७५ आणि १५६. वहीत उत्तर येतं ७५१५६! बरोबर उत्तर ७६५६. ९० गुणिले ९० सुद्धा ८१०० च होतात, मग हे पंचाहत्तर हजार आले कुठून, असा प्रश्न मुलांना पडतच नाही. मला याचं फार वाईट वाटतं. ४७×३८ ला हीच ट्रिक लावली तर ५३×६२ करत बसावं लागतं, म्हणजे मूळ गणितापेक्षा अवघड. त्यापेक्षा ४७ चोक १८८, म्हणून ४० पट १८८०. त्यातून दुप्पट, म्हणजे ९४ गेले, १७८६. पाढे आणि अंदाज पक्के होईपर्यंत हे क्लास बंद ठेवावेत.

औटकी
पूर्ण असहमत. शिष्यवृत्तीच्या पेपरात ७५ प्रश्नांना ९० मिनिटं मिळतात, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. तिथे आडवे-उभे गुणाकार मांडत बसलेलं मूल मागे पडतं. आणि युक्त्या आपल्याला नव्या आहेत का? आमच्या आजोबांचा किराणा दुकानातला सगळा हिशेब पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी या पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीचपटीच्या पाढ्यांवर चालायचा. ४८×७५ ला कागद कशाला हवा? ४८ चे पाऊणपट ३६, उत्तर ३६००. त्यांच्याकडे सिद्धता कुणी मागितली नव्हती.

पाटीपेन्सिल
औटकी, पाऊणकीला माझा विरोध नाहीच. पाऊण शेर म्हणजे किती, हे आजोबा रोज तराजूत बघत होते. ७५ आणि १५६ शेजारी-शेजारी चिकटवणाऱ्या मुलाने काय बघितलेलं असतं?

गोदातीर
ताईंशी सहमत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत १३५×१२ हे उदाहरण घेतलं आहे. १२ चे ८ आणि ४ करा, ३×४ करा, नाहीतर २० पट करून ८ पट वजा करा, कुठूनही १६२०. प्रत्येक रीत का चालते ते समोर दिसतं. उलट ‘वैदिक गणित’ म्हणून जे विकलं जातं ते १९६५ च्या पुस्तकातलं आहे, त्यातली सूत्रं अथर्ववेदाच्या परिशिष्टातली म्हणून सांगितली जातात, पण उपलब्ध परिशिष्टांत ती सापडत नाहीत. प्रा. श्रीकृष्ण दाणींसारख्या गणितज्ञांनी त्यावर सविस्तर टीका केली आहे.

औटकी
नाव काहीही असो, उत्तर बरोबर येतं ना? ते का येतं, हे आठवीत (a + b)² सारखी विस्तारसूत्रं आल्यावर कळेलच.

चौकटवही
तुमच्या दोघांचंही मला पटत नाही. कारण कळायला आठवी कशाला लागते? आलेख कागदावर १० सेंटिमीटरचा चौरस काढायला सांगा, त्यात बरोबर १०,००० बारीक चौकोन असतात. एका बाजूने १२ ओळी रंगवा, दुसऱ्या बाजूने १३ रांगा. उरलेला कोरा भाग म्हणजे ८८×८७. आता १२०० आणि १३०० दोन्ही वजा केले की कोपऱ्यातले १५६ चौकोन दोनदा जातात, म्हणून ते एकदा परत मिळवायचे: ७५०० अधिक १५६. मुलाने तो दोनदा रंगलेला कोपरा स्वतः मोजला की ७५ पुढे १५६ का चिकटवायचे नाहीत ते त्याला दिसतं, आणि ट्रिकही हातात राहते. पाचवीत हे सहज जमतं. ताई, एक तास देऊन बघा.