रात्री अकरा वाजता कोणाला झोपवत होता?

जोशी काकू, ए-201: बी-302, काल रात्री अकराला तुमच्याकडे कोण ओरडत होतं? झोप ना आता, सगळे झोपले, तू एकटाच राहिलायस, असं सारखं चाललेलं. मला वाटलं पाहुण्यांचं लहान बाळ आलंय

स्नेहा, बी-302: सॉरी काकू 🙏 बाळ नाही, आमचा ओंकार. स्टारड्यू व्हॅली म्हणून शेतीचा गेम आहे, कॉलेजच्या मित्रांबरोबर ऑनलाइन खेळतो, एक नागपूरला एक कोल्हापूरला, आणि त्यात म्हणे सगळे अंथरुणात शिरल्याशिवाय दिवसच संपत नाही

कुलकर्णी काका, ए-104: पैसे लावून खेळतात का? आमच्या पुतण्याने रमीत बरेच घालवलेत म्हणून विचारतो

ओंकार: नाही काका, एकदाच विकत घ्यायचा, नंतर आत काही मागत नाही. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने बनवलाय, चित्रं, म्युझिक, कोड सगळं त्याचंच, 2016 ला आला. एकत्र खेळायची सोय 2018 ला झाली. आता ओरडण्याचं सांगतो, एकटं खेळताना मेनू उघडला की घड्याळ थांबतं पण चौघं असलो की थांबत नाही, दिवस सकाळी 6 ते रात्री 2 म्हणजे आपली साधारण 14 मिनिटं, आणि आदित्य रोज खाणीत उतरतो तो वर येतच नाही, आम्ही तिघं पलंगावर पडून त्याची वाट बघत. दोन वाजले की तो बेशुद्ध पडतो, वर पैसे जातात आणि पैसे सगळ्यांचे एकत्र!!

कुलकर्णी काका, ए-104: एकत्र कुटुंब म्हणजे 😄

सातव काका, सी-003: पीक कोणतं घेता

ओंकार: पहिल्या ऋतूत बटाटा, फ्लॉवर वगैरे. फ्लॉवर 12 दिवसात येतो. पण ऋतू 28 दिवसांचा, आदित्यने 25 तारखेला सगळ्या पैशांचं फ्लॉवरचं बी आणलं, उन्हाळा लागला तसं सगळं वाळून गेलं

सातव काका, सी-003: 12 दिवसात फ्लॉवर!! आमच्याकडे रोप लावल्यावर दोन-अडीच महिने धरा. माल कुठे घालता

ओंकार: घराशेजारी पेटी असते काका, त्यात टाकायचा, सकाळी पैसे जमा

सातव काका, सी-003: आडत, हमाली, तोलाई?

ओंकार: काहीच नाही

सातव काका, सी-003: आणि आवक वाढली की भाव पडतो का

ओंकार: नाही, कितीही टाका, भाव तोच

सातव काका, सी-003: मला घे रे त्यात. मोबाईलवर चालतं का

ओंकार: मोबाईलवर गेम आहे पण आमचं शेत कॉम्प्युटरवर आहे 😔 लॅपटॉप असेल तर तुमच्यासाठी खोपटं बांधतो, लाकूड आहे भरपूर

सेक्रेटरी: मंडळी, शेती करा पण साडेदहानंतर हेडफोन लावा ही विनंती

जोशी काकू, ए-201: हेडफोन लावतात म्हणूनच ओरडतात ना, स्वतःचा आवाज कुठे ऐकू येतो त्यांना. टाइप करा की

ओंकार: गेममध्ये चॅट आहे काकू, पण आदित्य वाचत नाही

कुलकर्णी काका, ए-104: वेगळं काढा मग त्याला

ओंकार: तेच चाललंय, गेममधल्या सरपंचाच्या घरी एक वही असते, त्यातून पैशांची वाटणी करता येते, आज करून टाकतो

जोशी काकू, ए-201: काय भांडायचं ते साडेदहाच्या आत भांडा